स्वस्त ध्वनिमुद्रण, महाग रियाज : बनारसच्या संगीतापुढील प्रश्न

पूरब अंगाच्या ठुमरीचे ज्येष्ठ गायक पंडित छन्नूलाल मिश्र यांचे २ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी निधन झाले. वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. २०२० साली पद्मविभूषण मिळालेल्या या गायकाने ख्याल, ठुमरी, दादरा, चैती, कजरी असे अनेक प्रकार आयुष्यभर गायले. तथापि देशातील सर्वसामान्य श्रोता त्यांना ओळखतो तो मुख्यतः एका होरीमुळे. भुतापिशाच्चांच्या संगतीने स्मशानात होळी खेळणारा शंकर हा त्या होरीचा विषय.

ही होरी आज लोकांपर्यंत पोचते ती प्रामुख्याने मोबाईलच्या पडद्यावरून. ज्यांनी कधी ठुमरीची मैफल ऐकली नाही, अशा लक्षावधी श्रोत्यांना तिने बनारसच्या गायकीची पहिली ओळख करून दिली. मात्र त्याच पडद्यावर, त्याच होरीच्या शेजारी, तिच्या असंख्य नकला उभ्या असतात. फाल्गुन जवळ आला की त्यांत भर पडते. तंबोरा आणि हार्मोनियम जाऊन तेथे यंत्रनिर्मित ठेका येतो, लय दुप्पट होते आणि शब्द उलगडून सांगण्यासाठी मिश्रजी जेथे थांबत, तेथे ढोलांचा आघात येतो. मणिकर्णिकेवरील भस्माच्या होळीला अलीकडच्या वर्षांत जी गर्दी होते, तिच्या कानांत बहुधा हीच दुसरी आवृत्ती असते.

एकाच रचनेची ही दोन रूपे समोर ठेवली, की स्वस्त तंत्रज्ञानाने संगीताचा दर्जा खालावला का, हा सर्वत्र विचारला जाणारा प्रश्न जरा वेगळा दिसू लागतो. दोन्ही रूपे एकाच वाटेने, एकाच खर्चात आपल्यापर्यंत आली आहेत. वाट जर एकच आहे, तर दर्जातील फरक कोठून आला?

खर्च उतरला, मध्यस्थ गेले

गायकाचा आवाज मुद्रित करणे ही एकेकाळी मोठ्या भांडवलाची गोष्ट होती. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांची गाणी मुद्रित झाली, तेव्हा परदेशातून आलेल्या तंत्रज्ञांनी आपली यंत्रसामग्री बरोबर आणली होती. पुढे कंपन्या, नभोवाणी केंद्रे, चित्रपटांचे स्टुडिओ यांच्याच हाती हे साधन राहिले. आज एक संगणक, एक बरा मायक्रोफोन आणि गादी-पडदे लावून शांत केलेली खोली एवढ्यावर काम भागते. वाराणसी आणि आसपासच्या जिल्ह्यांत भोजपुरी गाण्यांसाठी असे छोटे स्टुडिओ जागोजागी दिसतात. सकाळी गायलेले गाणे संध्याकाळी यूट्यूबवर असू शकते.

वितरणाचा खर्च त्याहून वेगाने उतरला. दीड दशकापूर्वी उत्तर भारतातील मोबाईलच्या दुकानांत थोड्या रुपयांत मेमरी कार्डावर शेकडो गाणी भरून मिळत. २०१४ च्या सुमारास एक जीबी डेटासाठी अडीचशे रुपयांहून अधिक मोजावे लागत होते. २०१८ पर्यंत ही किंमत १२ रुपयांच्या आसपास आली. कार्ड भरून देणाऱ्या दुकानदाराचीही मग गरज उरली नाही. जगभरातील संगीत-मंचांवर २०२३ साली दररोज सरासरी एक लाखाहून अधिक नवी ध्वनिमुद्रणे चढत होती, असे ल्युमिनेट या संस्थेची आकडेवारी सांगते.

केवळ ध्वनीच्या स्पष्टतेचा विचार केला, तर आजच्या साध्या उपकरणातील मुद्रण १९३५ च्या लाखेच्या तबकडीहून कितीतरी पटींनी निर्मळ आहे. तरीही जाणकार त्या खरखरत्या तबकडीपाशी थांबतात. याचे कारण यंत्रात शोधून सापडत नाही. गाणे तयार होणे आणि ते लोकांसमोर येणे या दोन घटनांमध्ये पूर्वी जो काळ जात असे, तो आता जात नाही. त्या काळात गुरू चूक काढत असे, साथीदार मान हलवत असे किंवा नुसताच गप्प बसत असे. कबीरचौऱ्याच्या गल्लीत गाताना शेजारच्या घरात कोण बसले आहे याची गायकाला जाणीव असे. गाणे त्या सर्वांतून गाळून बाहेर येई.

डग्ग्याचा घुमारा कोठे गेला

सुधारणेचे काम आता यंत्राकडे आले आहे. सूर जागेवर आणणारे ऑटो-ट्यून हे साधन १९९७ साली बाजारात आले. त्याचा निर्माता अँडी हिल्डेब्रँड त्यापूर्वी तेलशोधनासाठी भूगर्भातील ध्वनिलहरींचे विश्लेषण करीत असे, हा एक गमतीचा तपशील. हे साधन ढळलेला स्वर जवळच्या ठरावीक स्वरावर नेऊन बसवते. पियानोच्या पट्ट्यांवर आधारलेल्या संगीतात त्याने विशेष बिघडत नाही. ठुमरीत मात्र दोन स्वरांमधल्या वाटेतच अर्थ असतो. मींड, मुरकी, खटका हे अलंकार म्हणजे त्या वाटेवरची चाल. साधन जपून वापरले तर ते टिकतात. पण घाईच्या कामात ते सरसकट लावले जाते, आणि मग बेसूर गायक सुरेल होतो तसा सुरेल गायक सपाट होतो.

तबल्याची कथा याहून बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पंडित राम सहाय यांच्यापासून सुरू झालेल्या बनारस बाजाची ओळख म्हणजे खुले, पखवाजाची आठवण करून देणारे बोल आणि डग्ग्याचा खोल घुमारा. कंठे महाराज, अनोखेलाल मिश्र, किशन महाराज, सामता प्रसाद ही त्यातील मोठी नावे. व्ही. शांताराम यांच्या १९५५ सालच्या 'झनक झनक पायल बाजे' मधील तबला मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात आहे; तो सामता प्रसाद यांचा. आता हाच तबला मोबाईलवर ऐकावा. मोबाईलच्या इवल्या ध्वनिक्षेपकातून साधारणतः ३०० हर्ट्झच्या खालचा ध्वनी फारसा बाहेर पडत नाही, आणि डग्ग्याचा मूळ नाद त्याच्या बराच खाली असतो. म्हणजे बनारस बाजाचा निम्मा भाग श्रोत्याच्या हातातच नाहीसा होतो. उरते ती चाटेवरची टकटक.

मिश्रण करणाऱ्या तंत्रज्ञाला हे चांगले ठाऊक असते. गाणे मोबाईलवरच ऐकले जाणार असल्याने तो छोट्या ध्वनिक्षेपकातूनही ठळक वाजतील असे आवाज निवडतो: कर्कश मध्यसप्तक, तयार टाळ्या, यंत्रातील ढोल. हळूहळू वाजणेच त्या मापाने बेतले जाते. तयार ठेक्याचे तुकडे बाजारात मिळतात. ते केहरवा आणि दादऱ्यात भरपूर असतात, दीपचंदी किंवा जत तालात क्वचित. ते गायकाच्या मागे जात नाहीत. गायकालाच त्यांच्या मागे जावे लागते. ठुमरीत बोल-बनाव संपून तबला लग्गीत खुलतो तो क्षण गायक आणि तबलजी यांच्यातल्या नजरेवर ठरतो. पेटीत भरलेल्या ठेक्याला नजर नसते.

यात पहिला फटका बसतो तो साथीदारांना. मोठा कलावंत महोत्सवांवर जगू शकतो. पण लग्नसमारंभ, छोटी ध्वनिमुद्रणे, स्थानिक कार्यक्रम यांवर ज्यांचे घर चालत असे, त्या तबला, सारंगी, शहनाई वाजवणाऱ्यांचे काम तयार ठेक्यांनी घेतले. सारंगीची पीछेहाट हार्मोनियमच्या प्रसारापासूनच सुरू झाली होती, हे खरे. आज त्यात फरक एवढाच की, सारंगी हटली तेव्हा तिच्या जागी निदान दुसरा वादक येऊन बसला होता.

चाळणीचा जुना अनुभव

असे असेल तर पुन्हा दारावर चाळणी बसवावी, असे सुचणे स्वाभाविक आहे. अश्लील गाण्यांना आवर घालण्याची मागणी उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये वारंवार होते आणि तीत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. पण दारावरच्या चाळणीचा प्रयोग या देशाने एकदा केला आहे, आणि तो सार्वजनिक नभोवाणीनेच केला आहे. त्याचा हिशेब प्रांजळपणे मांडला पाहिजे.

१९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती. कलावंतांची चाचणी घेऊन श्रेणी ठरवण्याची पद्धत, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, या गोष्टी त्यांच्याच काळातल्या. अनेक कलावंतांना त्यांतून नियमित मानधन मिळाले आणि घरबसल्या रागसंगीत ऐकणारा मोठा वर्ग निर्माण झाला. त्याच केसकरांच्या काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. १९५२ साली सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'ने घराघरांत मुक्काम ठोकला आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. तेव्हा श्रोत्यापुढे दुसरे केंद्र एकच होते. आज ती किती असतील, याची गणती नको.

चाळणीतून काय गळून जाते, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, खासगी आयुष्य समाजमान्य नसलेल्या कलावंतांना नभोवाणीची दारे बंद करण्याचे धोरण आले. त्याची झळ गाणाऱ्या तवायफांना बसली, आणि बनारसची ठुमरी तर त्यांनीच जोपासली होती. हार्मोनियमवरही १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीत बंदी होती. म्हणजे दर्जा राखण्यासाठी बसवलेली चाळणी कधी प्रतिष्ठेची होती, कधी वाद्यांच्या शुद्धाशुद्धतेची. संगीताच्या गुणवत्तेची ती दर वेळी होतीच असे नाही.

रसूलन बाई यांचे उदाहरण येथे आठवते. १९५७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवणाऱ्या या बनारसच्या गायिकेने १९३५ साली एक ठुमरी मुद्रित केली होती. पुढे सभ्य समाजात रूढ झालेल्या तिच्या पाठात एक शब्द बदललेला आढळतो. मूळ शब्द अधिक उघड शृंगाराचा होता. मूळ पाठ जवळजवळ विस्मृतीत गेला. सबा दिवाण यांनी २००९ साली 'द अदर साँग' या माहितीपटात त्याचा माग काढला, तेव्हा तो पुन्हा चर्चेत आला. तो टिकला कोठे? बाजारासाठी काढलेल्या, व्यापारी हेतूने बनलेल्या तबकडीवर. आज संग्राहक अशा तबकड्या संगणकीय रूपात आणून सर्वांसाठी खुल्या करतात. लातूर किंवा बेळगावचा विद्यार्थी सिद्धेश्वरी देवी आणि रसूलन बाई यांना हवे तेव्हा ऐकू शकतो. वीस वर्षांपूर्वी त्यासाठी कोणा संग्राहकाची मर्जी सांभाळावी लागे. स्वस्त वितरणाचा हा लाभ कमी लेखण्याजोगा नाही.

बिरह्याला मिळालेला अवकाश

लाभाचे दुसरे उदाहरण तर खास बनारसचे आहे. बिरहा हा पूर्व उत्तर प्रदेशातील कष्टकऱ्यांचा, विशेषतः अहीर समाजाचा गायनप्रकार. बिहारी गुरू यांच्या परंपरेतून त्याला बनारसमध्ये आजचे रूप मिळाले. करतालाच्या तालावर एकेक आख्यान तास-दोन तास रंगते आणि दोन गायकांच्या दंगलीत रात्र सरते. मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी या प्रकाराकडे वळून पाहण्याचे कारण नव्हते. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि छोट्या उत्पादकांनी बिरहा खेड्यापाड्यांत नेला. अमेरिकी संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली उत्तर भारतातील कॅसेट-संस्कृतीवर जे पुस्तक लिहिले, त्यात या विकेंद्रित बाजाराचे गुण आणि दोष दोन्ही नोंदवले आहेत. बिरह्याचे गायक हीरालाल यादव यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे निधन झाले.

कॅसेटची एक बाजू साधारण अर्ध्या तासाची. इंटरनेटवर तीही मर्यादा नाही. बिरह्याचे पूर्ण आख्यान आज अखंड ऐकता येते. तंत्रज्ञान नेहमी गाणे आखूडच करते, हा समज यामुळे तपासून पाहावा लागतो.

मग आखूड कोण करते? पैसे मोजण्याची रीत. स्पॉटिफायसारख्या मंचावर गाणे ३० सेकंद ऐकले गेले की एक श्रवण नोंदवले जाते. दोन मिनिटांच्या गाण्याचे आणि वीस मिनिटांच्या ठुमरीचे श्रवण एकाच मोलाचे. २०२४ पासून वर्षभरात किमान एक हजार श्रवणे न झालेल्या ध्वनिमुद्रणाला या मंचावर मोबदलाच मिळत नाही. चैतीचा अभ्यासू श्रोता मुळात थोडा. त्याने एकच चैती वीस मिनिटे मन लावून ऐकली, तर हिशेबात ती एकदाच ऐकल्याची नोंद होते. दुसऱ्या बाजूला २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यानंतर त्याच वर्षी रील्स आणि शॉर्ट्स भारतात आले आणि गाण्याचा मुखडाच तेवढा चलनी नाणे ठरला.

आखूड मुद्रण नवे नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. ७८ फेऱ्यांची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांचीच होती आणि तीत मोठ्या गायिकांनी मोठे गाणे बसवले. हे अगदी खरे. पण त्या गायिका तीन मिनिटे गाऊन घरी जात नव्हत्या. रात्रभर रंगणाऱ्या मैफलीचा तो नमुना होता, आणि श्रोत्यालाही हे ठाऊक होते. नमुना पाहून कापड घ्यावे, तसे लोक तबकडी ऐकून मैफलीला येत. आजच्या अर्ध्या मिनिटामागे पुष्कळदा ठाणच नसते.

रात्र जागवणारा श्रोता

बनारसमध्ये ते ठाण अजून विणले जाते, ही समाधानाची बाब. १९२३ पासून चालत आलेला संकटमोचन संगीत समारोह हनुमान जयंतीनंतर भरतो. सहा रात्री गाणे चालते आणि प्रवेश सर्वांना विनामूल्य असतो. २०१५ साली पाकिस्तानचे गुलाम अली येथे गायले. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाशी परिचित मराठी रसिकाला येथील वातावरण ओळखीचे वाटेल. फक्त येथे तिकीट नाही आणि समोर मंदिराचे अंगण आहे. मंचासमोर रिक्षावाला बसतो, विद्यापीठाचा प्राध्यापक बसतो, आणि समेवर कोणाची मान चुकीच्या जागी हलली हे दोघांच्याही लक्षात येते. कलावंताच्या गुणवत्तेवर एवढा परिणाम करणारे दुसरे साधन नाही. २०१५ साली युनेस्कोने वाराणसीला 'संगीताचे सर्जनशील शहर' म्हणून मान्यता दिली, ती अशाच सामुदायिक परंपरेच्या बळावर.

२०२० साली टाळेबंदीमुळे हा समारोह इंटरनेटवर घ्यावा लागला. त्या एप्रिलमध्ये पंडित जसराज यांनी अमेरिकेतील घरून संकटमोचनाच्या चरणी आपली सेवा रुजू केली. ऑगस्टमध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. घरच्या साध्या उपकरणातून आलेला तो आवाज नव्वदीचा होता आणि प्रसारणाची साधनेही मर्यादित होती. तरी ऐकणाऱ्यांना त्यामागे दशकानुदशकांची साधना जाणवली. ज्या तंत्राने बाजारू गाणे येते त्याच तंत्राने हेही आले.

आता आणखी एक पायरी पुढे आली आहे. गायक, वादक, कवी यांपैकी कोणीही नसताना यंत्राने रचलेली गाणी मंचांवर येऊ लागली. फ्रान्समधील डीझर या मंचाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, तेथे रोज येणाऱ्या नव्या ध्वनिमुद्रणांपैकी सुमारे ३४ टक्के पूर्णतः कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली होती. निर्मितीचा खर्च येथे जवळपास शून्यावर येतो. होरी किंवा कजरीच्या घाटाचे भक्तिगीत मागवणे आजही अवघड राहिलेले नाही.

या प्रवाहाला बंदीने अडवणे शक्य नाही, हे केसकरांच्या काळातच दिसून आले. करता येण्याजोग्या गोष्टी लहान आणि खर्चिक आहेत. महोत्सवांच्या अंदाजपत्रकात मुख्य कलावंताइतकीच साथीदारांची तरतूद असावी. गुरूच्या घरी शिकणाऱ्या मुलाला, त्याचा एकही व्हिडिओ नसताना, पाच-सात वर्षे शिष्यवृत्ती मिळावी. सार्वजनिक निधीतून होणाऱ्या कार्यक्रमांत तयार ठेका नको, माणूस हवा, एवढी अट घालता येईल. आकाशवाणीच्या संग्रहातील बनारसच्या कलावंतांची दीर्घ ध्वनिमुद्रणे पूर्ण लांबीत, कोणी काय गायले आणि साथीला कोण होते या तपशिलासह, सर्वांना मोफत उपलब्ध व्हावीत. वितरण स्वस्त झालेच आहे, तर ते त्यांच्यासाठीही स्वस्त आहे.

काशी हिंदू विश्वविद्यालयात पंडित ओंकारनाथ ठाकूर यांनी १९५० साली उभारलेल्या संगीत विभागात आजही देशभरातून मुले येतात, त्यांत मराठी मुलेही असतात. तेथून संकटमोचनचे मंदिर फार दूर नाही. समारोहाच्या रात्री अनेकांच्या हातांत मोबाईल उंचावलेले दिसतात. मुद्रित होतो तो बहुधा शेवटचा द्रुत तुकडा आणि तिहाई. त्याआधीचा तासाभराचा आलाप, अजून तरी, तेथे बसूनच ऐकावा लागतो.